रूळ ओलांडण्याचा हिशेब

रेल्वेचा इतिहास सांगताना आपण नेहमी तिची लांबी सांगतो. अमुक साली अमुक गावापासून तमुक गावापर्यंत इतक्या मैलांवर गाडी धावू लागली, असे. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, हे तर शाळेत गेलेल्या प्रत्येकाला पाठ असते. मी लातूरला बरीच वर्षे इतिहास शिकवला. ती तारीख मुले झोपेतसुद्धा सांगत. पण रेल्वेला लांबीबरोबर रुंदीही असते, तिच्याबद्दल पुस्तकात काही नसते. रुळाच्या अलीकडे राहणाऱ्या माणसाला पलीकडे जायचे असेल तर त्याने कोठून जावे, किती चालावे आणि त्या वाटेचा खर्च कोणी करावा, हा प्रश्न पहिल्या गाडीइतकाच जुना आहे. आज मी त्या प्रश्नाचा इतिहास सांगणार आहे. मराठवाड्यात सध्या नवे रूळ पडत आहेत, आणि ज्यांच्या शेतातून ते जात आहेत त्यांना हा हिशेब वेळेवर कळणे फार गरजेचे आहे.

सुरुवात आपल्या बार्शी लाईटपासून करू. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने अडीच फुटी रुळांची ही छोटी गाडी आखली. १८९७ मध्ये ती बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत धावू लागली. १९११ मध्ये ती लातूरला पोचली आणि १९२७ मध्ये दुसऱ्या बाजूला मिरजेला जाऊन भिडली. बार्शी इंग्रजी मुलखात होते, लातूर निजामाच्या राज्यात. दोन राज्यांतून जाणाऱ्या या गाडीने लातूरच्या बाजारपेठेला बाहेरचे जग दाखवले आणि वारकऱ्यांना पंढरी जवळ आणली. तिकडे नांदेडला १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद हा हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज मार्ग आला होता.

छोट्या गाडीचे सगळे तत्त्व काटकसरीचे होते. रूळ हलके, डबे हलके, वेग बेताचा. माझ्या लहानपणी रूळ ओलांडणे आणि शेताचा बांध ओलांडणे यांत कोणाला फारसा फरक वाटत नसे. शिट्टी ऐकू आली की बैलांचा कासरा आवळून धरायचा, गाडी जाऊ द्यायची आणि पलीकडच्या रानात शिरायचे. वाट कोणी मंजूर केलेली नव्हती. ती पायांनी पडलेली होती. बहुतेक ठिकाणी तिची कागदावर नोंदही नसावी. पुढे जे झाले त्याचे मूळ या नसलेल्या नोंदीत आहे.

आता थोडे कायद्याकडे वळू. इंग्लंडमध्ये रेल्वे आली तेव्हा तिथल्या जमीनदारांनी पार्लमेंटात आपले वजन वापरले. १८४५ च्या तिथल्या कायद्याने रेल्वे कंपनीवर बंधन घातले, की रुळांमुळे ज्याची जमीन तुटली त्याला जा-ये करण्यासाठी फाटक, पूल किंवा मोरी कंपनीने स्वतःच्या खर्चाने करून द्यायची, आणि रुळांना कुंपणही घालायचे. मात्र त्याला मुदत होती. रेल्वे सुरू होऊन साधारणपणे पाच वर्षे उलटली की कंपनीकडून नवे काही मागता येत नसे.

हिंदुस्थानात १८९० चा रेल्वे कायदा झाला त्यात हीच कल्पना आली. अशा कामांना ‘अकमोडेशन वर्क्स’ म्हणतात. आपण त्यांना जमीनधारकांच्या सोयीची कामे म्हणू. रुळांमुळे जिथे वहिवाट तुटेल तिथे रेल्वेने ओलांडणी, पूल, मोरी अशी सोय करून द्यावी, असे कलम त्यात होते. कुंपणाची आणि फाटकाची गोष्ट मात्र सरकारच्या मर्जीवर सोडली होती. सरकारला वाटले तर ते रेल्वेला तसा हुकूम करू शकत होते. मुदत ठेवली दहा वर्षांची. त्या जमिनीतून जाणारी रेल्वे वाहतुकीला खुली झाल्यापासून दहा वर्षे उलटली, की सरकारने स्वतः मागणी केल्याखेरीज रेल्वेला आपल्या खर्चाने नवी सोय करण्याची सक्ती नाही. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि त्यानंतर आपल्याकडेही देशाचाच कायदा लागू झाला. पुढे १९८९ मध्ये रेल्वेचा नवा कायदा आला. त्यात बरेच काही बदलले, पण दहा वर्षांची ही अट सोळाव्या कलमात तशीच राहिली.

दहा वर्षे ऐकायला पुष्कळ वाटतात. पण शेतीच्या आणि गावाच्या आयुष्यात ती किती लहान आहेत ते बघा. लातूरची गाडी १९११ ची. हाच हिशेब लावला तर १९२१ ला मुदत संपते. तेव्हा ज्याचे चाळीस एकर एकाच तुकड्यात रुळाच्या अलीकडे होते, त्याला पलीकडे जाण्याची गरज नव्हती. त्याच्या नातवांच्या वाटण्या झाल्या, एकाने पलीकडचा तुकडा विकत घेतला, विहीर एकीकडे आणि पीक दुसरीकडे झाले, तेव्हा कोठे ओलांडणीची गरज पडली. शहरांचेही तेच. स्टेशन गावाबाहेर बांधले जाते, गाव वाढत वाढत रुळांपर्यंत येते, मग रुळांपलीकडे वसाहत होते, शाळा होते, दवाखाना होतो. कायद्याने सोय बघितली ती गाडी सुरू झाली त्या दिवशीच्या नकाशावरची. तो नकाशा मात्र दर पिढीला बदलत गेला.

लातूरच्या बाबतीत घड्याळ एकदा पुन्हा सुरू झाले होते, हे फार थोड्यांच्या ध्यानात आले. छोटी गाडी गेली आणि ब्रॉडगेज आले. लातूर ते तेव्हाचे उस्मानाबाद, आताचे धाराशिव, हा टप्पा २००७ मध्ये सुरू झाला आणि २००८ मध्ये गाडी कुर्डुवाडीपर्यंत जाऊ लागली. जुनी लाईन उस्मानाबादला बगल देऊन जात होती. नव्या आखणीने ते शहर प्रथमच रेल्वेवर आले. जिथे मार्गच नवा आखला गेला, तिथे जमीन नव्याने तुटली आणि कायद्याच्या हिशेबाने दहा वर्षांची मुदतही नव्याने सुरू झाली. या दहा वर्षांत आपण सगळे मुंबईच्या गाडीच्या वेळा, डबे आणि आरक्षण यांत गुंतलेलो होतो. ते स्वाभाविकही होते. एप्रिल २०१६ मध्ये याच मार्गाने मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला आली. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर पाणी आले, तेव्हा या रुळांचे मोल आम्हा लातूरकरांना जेवढे कळले तेवढे क्वचितच कोणाला कळले असेल. पण २०१७ उजाडले आणि नव्या आखणीतल्या पहिल्या टप्प्याची ती दहा वर्षे पुरी झाली.

ब्रॉडगेजने ओलांडण्याचा अर्थही बदलला. भराव उंच झाले, गाड्यांचा वेग वाढला, मालगाड्या लांबलचक झाल्या. कासरा धरून दोन मिनिटे थांबण्याचे दिवस संपले. जुन्या पायवाटेने जाणारा माणूस आता कायद्याच्या भाषेत अतिक्रमण करणारा ठरतो. १९८९ च्या कायद्याच्या १४७ व्या कलमात त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. वाट तीच, चालणाराही तोच. त्याच्या आजोबांना मात्र कोणी गुन्हेगार म्हटले नव्हते.

यावर कोणी म्हणेल, मग पूल मागावा. मागता येतो. पण त्यासाठी एक गणित सोडवावे लागते. एखाद्या फाटकावर किती वर्दळ आहे हे रेल्वे ‘ट्रेन व्हेईकल युनिट’ या मापाने मोजते. चोवीस तासांत जाणाऱ्या गाड्यांच्या संख्येला रस्त्यावरच्या वाहनांच्या संख्येने गुणायचे. मोटार, बैलगाडी, टांगा यांना पूर्ण एक धरायचे, रिक्षाला अर्धा. हा गुणाकार एक लाखाच्या वर गेला, की तिथे उड्डाणपूल करावा आणि खर्च रेल्वे व राज्य सरकार यांनी निम्मा निम्मा सोसावा, असा नियम कित्येक वर्षे चालत आला. मुंबई–पुण्याच्या बाजूला, जिथे दिवसाला शंभर गाड्या जातात, तिथे हजार वाहनांत लाख भरतो. आपल्याकडे एखाद्या मार्गावर दिवसाला दहाच गाड्या असतील, तर लाख भरायला दहा हजार वाहने लागतात. म्हणजे ज्या भागाला गाड्या कमी, त्याला पूलही उशिरा.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. एकदा मी नववीच्या मुलांना उपक्रम म्हणून शहराबाहेरच्या एका फाटकावर नेले आणि याच पद्धतीने मोजणी करायला लावली. तक्ता मी फळ्यावर आखून दिला होता. त्यात मोटार, ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाडी, रिक्षा असे रकाने होते. अर्ध्या तासाने एका मुलीने विचारले, “सर, चालणाऱ्यांना कुठे लिहू?” तिच्यापुढून शाळेची मुले, डोक्यावर भारे घेतलेल्या बाया, बाजाराला निघालेली म्हातारी माणसे सारखी जात होती. वाहनांपेक्षा तीच जास्त होती. मी तिला खरे ते सांगितले, की या मोजणीत चालणाऱ्याला रकाना नाही. हजार माणसे रोज पायी रूळ ओलांडत असली तरी त्या गुणाकारात त्यांचे शून्यच होते.

त्यामुळे असे घडते, की पूल होतो तो वाहनांसाठी. आणि पूल झाला की खालचे फाटक बंद होते, कारण निम्म्या खर्चाच्या योजनेत तशी अटच असते. रेल्वेच्या दृष्टीने ते बरोबर आहे. फाटक चालू ठेवायचे तर पूल कशाला बांधला? पण पायी जाणाऱ्याला जे अंतर पन्नास पावलांचे होते, ते पुलाच्या चढ-उतारासह किलोमीटरभर होते. डोक्यावर ओझे असलेली बाई तो चढ चढत नाही. ती भिंतीतले भगदाड शोधते. पुलाच्या अंदाजपत्रकात दोन्ही बाजूंना जिना, किंवा खालून माणसापुरता भुयारी मार्ग, सुरुवातीलाच धरला तर सगळ्या कामाच्या मानाने तो खर्च थोडा असतो. नंतर मागितला तर ते वेगळे काम होते, वेगळी मंजुरी आणि वेगळी वर्षे लागतात.

अंदाजपत्रकातली शीर्षे हा विषय रुक्ष वाटेल, पण माणसांचे जीव त्यावर अवलंबून असतात. रेल्वेच्या खर्चात फाटकांच्या सुरक्षेचे शीर्ष वेगळे, उड्डाणपूल आणि भुयारी पुलांचे वेगळे, प्रवाशांच्या सोयीसुविधांचे वेगळे. स्टेशनावरचा पादचारी पूल पुष्कळ काळ या शेवटच्या शीर्षात बसत आला. म्हणजे बाके, पाण्याचे नळ आणि छप्पर यांच्या रांगेत तोही उभा. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे गेली. दुसऱ्याच दिवशी तेव्हाचे रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांनी जाहीर केले, की पादचारी पुलाला निव्वळ सोय मानण्याची दीडशे वर्षांची प्रथा बंद, यापुढे तो अत्यावश्यक धरला जाईल. लष्कराने तिथे नवा पूल बांधला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. म्हणजे पैसा होता, कौशल्य होते आणि काही महिन्यांत काम होऊही शकत होते. अडचण होती ती पूल कोणत्या शीर्षाखाली लिहायचा याची.

असाच बदल फाटकांच्या बाबतीत झाला. २०१२ मध्ये डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने रेल्वेच्या सुरक्षेवर अहवाल दिला. रूळ ओलांडताना किंवा रुळांवरून चालताना देशात वर्षाला सुमारे पंधरा हजार माणसे मरतात आणि त्यांतली सुमारे सहा हजार एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गावर, हा आकडा त्या अहवालाने लोकांपुढे आणला. कोणत्याही सुसंस्कृत समाजाला हा संहार मान्य होणार नाही, अशा अर्थाची कडक भाषा समितीने वापरली. पाच वर्षांत देशातली सगळी फाटके काढून तिथे पूल करावेत, त्याला सुमारे पन्नास हजार कोटी रुपये लागतील, असेही सांगितले. त्यानंतर दोन वर्षांनी, २४ जुलै २०१४ रोजी, तेव्हाच्या मेदक जिल्ह्यात मासाईपेट येथे पहारेकरी नसलेल्या फाटकावर शाळेच्या बसला गाडीने धडक दिली आणि लहान मुले दगावली. ती गाडी आपल्या नांदेडहून सिकंदराबादला निघालेली पॅसेंजर होती. २०१७ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांसाठी एक लाख कोटींचा राष्ट्रीय रेल्वे संरक्षण कोष जाहीर झाला आणि जानेवारी २०१९ अखेर ब्रॉडगेजवरची पहारेकरी नसलेली सगळी फाटके संपली. हे काम मोठे झाले, यात शंका नाही.

पण ती संपली कशी, हेही बघायला हवे. काही ठिकाणी पहारेकरी नेमला, काही फाटके शेजारच्या फाटकाला जोडून बंद केली आणि पुष्कळ ठिकाणी भरावाखालून कमी उंचीचा भुयारी मार्ग काढला. आपल्या काळ्या जमिनीत असा मार्ग काढायचा तर पाण्याच्या निचऱ्याचा खर्च आधी धरावा लागतो. तो धरला नाही तर पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी आणि चिखल साचतो. मग शेतकरी आणि शाळकरी पोरे पुन्हा भराव चढून रूळच ओलांडतात. कागदावर मात्र ते ठिकाण सुरक्षित झालेले असते.

रूळ हीच वाट समजून चालण्याची सवय किती खोल आहे, हे ८ मे २०२० च्या पहाटे कळले. टाळेबंदीत जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले मजूर करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली सोळा जण गेले. त्यांना रूळ ओलांडायचे नव्हते, घरी जायचे होते. तरीही वाट म्हणून त्यांनी रूळच धरले, ही गोष्ट विसरता येत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. दहा वर्षांची मुदत संपली म्हणजे सगळे संपले, असे नाही. सतराव्या कलमाप्रमाणे जमीनधारक, नगरपालिका, ग्रामपंचायत किंवा राज्य सरकार केव्हाही नवी ओलांडणी मागू शकते. फक्त रेल्वेची संमती लागते आणि पैसे मागणाऱ्याने भरायचे असतात. याला ठेव रकमेचे काम म्हणतात. बांधकामाचा खर्च, रेल्वेचा देखरेख खर्च आणि पुढच्या कित्येक वर्षांच्या देखभालीची रक्कम आधीच भरून घेतात. ग्रामपंचायतीच्या तिजोरीला हे झेपत नाही. मग जिल्हा नियोजन समिती, खासदार निधी, राज्याचे बांधकाम खाते यांच्या दारी जावे लागते. अलीकडे राज्य सरकार आणि रेल्वे मंत्रालय यांची संयुक्त कंपनी महारेल पुलांची कामे करते आहे, काही कामे रेल्वे सगळ्या खर्चासह स्वतः उचलते, ही चांगली गोष्ट आहे. पण एवढे लक्षात ठेवा, की रेल्वेच्या पिंक बुकात कामाचे नाव आले म्हणजे पैसा आला असे नाही. कित्येक कामांपुढे नाव जिवंत ठेवण्यापुरती हजार रुपयांची तरतूद असते.

म्हणून सर्वांत स्वस्त वेळ असते ती रूळ पडतानाची, आणि त्यानंतरच्या दहा वर्षांची. ती वेळ मराठवाड्यात आता पुन्हा आलेली आहे. अहिल्यानगर–बीड–परळी मार्गावर आष्टीपर्यंत २०२२ मध्ये गाडी आली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ती बीडला पोचली. वर्धा–यवतमाळ–नांदेड आणि सोलापूर–तुळजापूर–धाराशिव या मार्गांचे काम चालू आहे. आष्टीकडच्या शेतकऱ्याची मुदत २०३२ पर्यंत आहे, बीडच्या बाजूच्या शेतकऱ्याची २०३५ पर्यंत. नांदेडकडे जिथे अजून गाडी सुरू व्हायची आहे, तिथे ती सुरू झालेलीही नाही.

या गावांनी काय करावे? खर्चाचे काहीच नाही. तलाठ्याकडचा नकाशा आणि रेल्वेची आखणी शेजारी ठेवावी आणि कोणती वहिवाट कोठे तुटते ते लिहून काढावे. गाडीवाट, पाणंद, स्मशानाची वाट, शाळेची वाट, जनावरांची पाण्यावर जाण्याची वाट, सगळ्या. चालणाऱ्यांची मोजणी गावाने स्वतः करावी, बाजाराच्या दिवशी वेगळी आणि शाळेच्या दिवशी वेगळी, आणि ती ग्रामसभेच्या ठरावाला जोडावी. ठराव जिल्हाधिकाऱ्यांमार्फत रेल्वेकडे पाठवून पोच घ्यावी. रेल्वेच्या तक्त्यात चालणाऱ्याला रकाना नसेल, पण गावाच्या ठरावात तो घालायला कोणी अडवलेले नाही. भरावाखालची नुसती पाण्याची मोरी चार फुटांनी रुंद केली तर माणसे आणि जनावरे खालून जातात. रूळ पडण्याआधी हे काम थोड्या सिमेंटचे आणि एका अर्जाचे असते. दहा वर्षांनंतर तेच काम गावाला स्वतःच्या पैशाने करावे लागते.